बदलीची बाई

भाजी अर्धी चिरून झाली होती, तेव्हा ब्युरोच्या मॅडमचा फोन आला. आजारी माणसांजवळ बसायला घरोघरी बाया पाठवतो, तो आमचा ब्युरो. म्हणाल्या, जरा ऑफिसात येऊन जा, फोनवर चार बटणं दाबून बघायचीत. मी म्हटलं, त्याला मीच कशाला? तर म्हणाल्या, तुला जमलं की सगळ्यांना जमेल. अपमान होता की कौतुक, ते काही कळलं नाही. गेले.

ऑफिसात कॉम्प्युटरवाला बसला होता. त्याला आम्ही सगळ्याजणी चष्मा म्हणतो, तोंडावरसुद्धा. त्यानं समजावलं. कुठली बाई कुठल्या घरी, कोण पोचली, कोण सुटली, हे सगळं आता फोनवर होणार. पण खऱ्या कामाला लावण्याआधी करून बघायला त्यानं एक वेगळी, खोटी जागा तयार केली होती. तीही ऑफिसात नाही, कुठल्यातरी लांबच्या भाड्याच्या मशीनमध्ये. क्लाउड म्हणतात. रिकामी ठेवली तर चुका दिसत नाहीत, म्हणून त्यात गेल्या वर्षीच्या खऱ्या कामाची, ऑफिसच्या कॉम्प्युटरात राखून ठेवलेली नक्कल ओतली होती.

"भातुकली आहे मावशी," तो म्हणाला. "फक्त तांदूळ खरे घातलेत."

माणसांची नावं बदलून मग घालायची असतात म्हणे. मॅडमना घाई, म्हणून ते राहिलं.

त्यानं दिलेला ऑफिसचा फोन हातात घेतला. एक घर आलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. पुढची ड्युटी माझी. आणि वर, हिरव्या ठिपक्याशेजारी, आत्ता कामावर कोण आहे तिचं नाव. माझ्या धाकट्या बहिणीचं. त्याखाली, 'बदलीची वाट पाहत आहे.'

धाकटीला जाऊन वर्ष होत आलं. काकूंकडून सुटली आणि येताना रस्त्यातच कोसळली. घरापर्यंत पोचली नाही. पाठोपाठ काकूही गेल्या. तेव्हापासून धाकटीची पोर माझ्याकडे असते. ती पोर रात्री दाराला कडी घालू देत नाही. आई यायचीय, म्हणते. समजावून झालं, दटावून झालं. कडी उघडीच. वर्षभर मी दाराला पाठ लावून झोपतेय.

मी चष्म्याला नाव दाखवलं. बिचारा ओशाळला. म्हणाला, नक्कल घेतली तेव्हा त्या कामावर असणार, म्हणून ठिपका तसाच राहिला. फोटोत हसणारा माणूस हसतच राहतो ना, तसं. मला पटलं. मी काही भुताखेतांना मानणारी बाई नाही. चार यत्ता शिकले, पण डोकं गहाण टाकलेलं नाही.

तेवढ्यात फोन हातात थरथरला. ठिपक्याखाली निरोप आला होता. मी अक्षर अक्षर लावून वाचला.

'ताई, येतेयस ना? पाय भरून आलेत. काकू झोपल्यात.'

चष्मा म्हणाला, जुना निरोप वर आला असेल. मग त्यानं वेळ बघितली. वेळ आत्ताची होती. मग म्हणाला, कोणीतरी दुसऱ्या फोनवरून गंमत करतंय. दुसरा फोन त्याच्याच टेबलावर पडला होता, चार्जिंग संपून काळा झालेला. त्यानं तो उचलला, उलटा करून ठेवला आणि चष्मा पुसत बसला.

"जाऊ द्या मावशी. संध्याकाळी सगळं पुसून टाकतो. नवी नक्कल घालतो."

"हिला पण पुसणार?"

"कोणाला?"

त्याच्याशी काय बोलणार. आमच्या कामात एकच नियम. बदलीची बाई आल्याशिवाय आजाऱ्याजवळून उठायचं नाही. घर पेटलं तरी नाही. धाकटीला हे मीच शिकवलंय. आणि धाकटी म्हणजे माझ्याही वरताण, सांगितलं की सांगितलं. ती उठणार नाही, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी हा तिला पुसणार, आणि ती तशीच बसलेली असणार, पाय भरून...

मी 'पोचले' दाबलं. फोन म्हणाला, तुम्ही त्या घरी नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

फोन पिशवीत टाकला आणि उठले. चष्मा मागे ओरडत आला, फोन बाहेर न्यायचा नाही. मी म्हटलं, मॅडमना सांग, पळवला म्हणून.

भर दुपार होती. रस्ता गजबजलेला. काकूंच्या इमारतीत मात्र चिटपाखरू नव्हतं. खालचा वॉचमन म्हणाला, वरचं घर वर्षभर बंद आहे, काही उरलं नाही तिथं, कशाला जाताय? मी जिना चढले. पहिल्या मजल्यावर काही नाही. दुसऱ्याच्या वळणावर वास आला. कापूर घातलेलं तेल. काकूंच्या पाठीला रोज लागायचं ते. गरम केलेलं.

दाराला कुलूप होतं. कुलपावर गंज.

मी उभी राहिले. मनाशी म्हटलं, काय करतेयस बाई तू, जा घरी. आणि 'पोचले' दाबलं.

आत खुर्ची सरकली.

फोन थरथरला. 'आलीस... काकूंनी पाणी घेतलं नाही अजून. मी निघू?'

मला भरभर लिहिता येत नाही. म्हणून दाराला तोंड लावून बोलले.

"नीघ. कुठे थांबू नकोस. सरळ घरी जा."

दार उघडलं नाही. कुलूप हललं नाही. पण जिन्यावरून, माझ्या मागून, प्लास्टिकच्या चपला चटचट खाली गेल्या. एक चप्पल जरा घासत. धाकटीची डावी घासायची. मी वळून बघितलं नाही. धीर झाला नाही, खरं सांगते.

फोनवर तिचं नाव गेलं होतं. हिरवा ठिपका माझ्या नावापुढे.

फोन चष्म्याच्या टेबलावर आपटला आणि घरी आले. पोर झोपली होती, अगदी गाढ. मोरीजवळच्या दोरीवर धाकटीचा कामाचा अॅप्रन वाळत होता. उलटा करून. ती नेहमी उलटाच घालायची वाळत. तो मी वर्षापूर्वी ट्रंकेत ठेवला होता. ट्रंकेला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. अॅप्रनमधून पाणी ठिबकत होतं.

मी रडले. घाबरून की आनंदानं, ते मला आजही सांगता यायचं नाही. पोचली बया एकदाची.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा फोन. जुनं सगळं पुसलं, म्हणाला. कालची ताजी नक्कल घातली. त्यात ते घर नाही, काकू नाहीत, तुमची बहीण नाही.

"मग काय?" मी विचारलं.

"तुम्ही तेवढ्या आहात मावशी... त्याच घरी, कामावर. मी दोनदा पुसलं."

मी म्हटलं, तुझं मशीन नासकं आहे. मी घरात बसलेय, भाजी चिरतेय. फोन ठेवला. हाताला कापराचा वास येत होता, तो भाजीचा नव्हता.

रात्री जेवणं झाली. मी उठले, वर्षात पहिल्यांदा दाराची कडी घालायला. पोरीनं मागून माझा पदर धरला.

"नको ना लावूस."

"का गं? आई आली ना तुझी?"

"आली."

"मग आता कशाला उघडी?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. अनोळखी बाईकडे बघावं, तसं.

"मावशी यायचीय अजून," ती म्हणाली.