अडकलेलं चित्र

"आठ शिंगं आहेत म्हणून घेताय?"

मी वळून पाहिलं. छातीशी खोकं धरून एक उंच मुलगा मागे उभा होता. त्याच्या आणि माझ्या खोक्यावर चित्र एकच – आठ अँटेनांचा काळा राउटर.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. मी हाच परत करायला आलोय."

राग यायला हवा होता. पण त्याच्या नाकावर निळ्या रंगाचा ठिपका होता... मला हसूच आलं.

मी कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. पडद्यावर एकीकडे डॉक्टर, एकीकडे पेशंट आणि मधे मी. काम घरून चालतं, तेही मागच्या खोलीतून. हॉलमध्ये आईचं शिवणकाम असतं. मापं द्यायला आलेल्या बायकांसमोर कुणाच्या दुखण्याबद्दल कसं बोलायचं? पण राउटर हॉलमध्ये, आणि मागच्या खोलीत रेंज येईल तर शपथ! बोलणाऱ्याचं चित्र अडकलं तरी आवाज येतो. खुणांचं तसं नाही. हात थांबले की शब्द अर्धाच राहतो. गेल्या आठवड्यात एका आजोबांना छातीत दुखतंय की पोटात, हेच कळेना. "शनिवारी चाचणी घेऊ," मला काम देणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "चित्र एकदा जरी अडकलं, तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." या कामावर माझा जीव आहे. ते जाऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच मी दुकानात शिरले होते.

"मधे भिंती किती?" त्यानं विचारलं.

"दोन. आणि एक लोखंडी कपाट."

"मग हा एकटा कितीही ओरडला तरी कपाटावरच डोकं आपटणार. जोडी घ्या. एक हॉलमध्ये, दुसरा वाटेत."

"भेटून पाच मिनिटं झाली नाहीत, आणि लगेच जोडीवर आलात?"

त्याचे कान लाल झाले. "रा... राउटरची जोडी..."

घरी एक होताच, म्हणून मी दुकानदारांना म्हटलं, "यातला एकच द्या ना."

"जोडी फोडून देत नाही, ताई. हे दोघं एकमेकांशीच बोलतात, तिसऱ्याचं ऐकत नाहीत."

आता कान लाल व्हायची पाळी माझी होती.

तो मुलांना ऑनलाइन चित्रकला शिकवायचा. परवा जांभई देताना त्याचं चित्र अडकलं, आणि सगळ्या वर्गानं तीच जांभई वहीत उतरवली. मी हसून हसून बेजार झाले. शेवटी दोघांनीही एकेक जोडी घेतली. पैसे देताना तो हळूच म्हणाला, "बसवल्यावर समोर कुणीतरी हवं ना... तपासायला?"

"फक्त तपासायला," मी बजावलं आणि नंबर दिला.

पहिल्या संध्याकाळी चित्र पुन्हापुन्हा अडकलं. मग मीही हट्टाला पेटले. दुसरा राउटर जमिनीवरून उचलून पॅसेजमधल्या स्टुलावर ठेवला. आईला हाताशी घेऊन कपाट ढकललं. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओवर फोन. हलणारे हात दिसायला हवेत, म्हणून मी त्याला खुणा शिकवू लागले – उद्या, चहा, निळा, आवडतं. 'मला निळा रंग आवडतो' म्हणायला गेला आणि 'मी निळा आहे' असं ठासून सांगून मोकळा झाला! चित्र अडकायचं थांबलं. फोन मात्र थांबले नाहीत.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यावर आला. आवाज बंद केला. मग अडखळत, एकेक खूण... तुम्ही. मला. आवडता. मग बोट स्वतःच्या छातीवर, भुवया वर – आणि मी, तुम्हाला?

आणि चित्र अडकलं.

उद्या चाचणी! मी पॅसेजमध्ये धावले. दिवा हिरवा. हॉलमध्ये धावले. तोही हिरवा.

"आता काय झालं?" आईनं दातानं दोरा तोडत विचारलं.

"अडकलं!"

"कपाट हलवायला मी येणार नाही हं!"

परत आले तर तो तसाच – बोट छातीवर, भुवया वर. पण त्याच्यामागे खिडकीचा पडदा हलत होता.

चित्र अडकलं नव्हतंच. तो उत्तरासाठी थांबला होता... आणि मी त्याच्यासमोरून उठून पळाले होते!

मी खुर्चीत बसले. एकेक खूण नीट, स्वच्छ केली. तुम्ही. मला. आवडता. खूप.

तो हललाच नाही.

"अहो... कळलं का?" न राहवून मी तोंडानंच विचारलं.

त्यानं आवाज सुरू केला. आवाज जरा ओलाच होता.

"कळलं. पण पुन्हा एकदा सांगा ना... तपासायला."

दुसऱ्या दिवशी चाचणीत चित्र एकदाही अडकलं नाही.

"अगदी स्वच्छ दिसतंय, काम तुमच्याकडेच राहील," मॅडम म्हणाल्या. "पण मघापासून एवढ्या हसताय का?"

"रेंज आली, मॅडम."