बाबांचा घसरता चष्मा

तेहरानच्या नारमक भागात माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवायच्या, यावरच माझं पोट. माझं स्वतःचं नाक थेट बाबांचं होतं, मधोमध वशिंड असलेलं. ते मी दोन वर्षांपूर्वी कापून सरळ करून घेतलं. आमच्याकडे त्यात लपवण्यासारखं काही नसतं. पोरी नाकावर प्लास्टर लावून बाजारभर मिरवतात, शेजारणी मिठाई घेऊन येतात.

मी मात्र लपवलं. सोहराबचं स्थळ आलं तेव्हा त्याची आई, तूबा खानम, चहा घेता घेता म्हणाली, "आजकालच्या मुलींचं सगळं विकतचं. तुझं नाक तरी देवानं दिलेलं ना गं?"

मी "हो" म्हणाले. सोहराब मला मनापासून आवडला होता.

बाबांचा चेहरा दिसला असता तर बिंग फुटलं असतं, म्हणून त्या शुक्रवारी त्यांना मी काकांकडे कराजला पिटाळलं होतं. आई नाही, म्हणून मावशीला बसवलं आणि बाबा आजारी असल्याचं सांगितलं. बाबा पाहुण्यांसाठी डाळिंबं सोलून, वाडगा झाकून ठेवून गेले. तो वाडगा पाहुण्यांपुढे ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्न ठरलं. बाबा कराजहून परतले आणि त्यांचा चष्मा घसरायला लागला. मी नाकावर टेकणाऱ्या गाद्या जवळ आणल्या. आठवड्यात पुन्हा घसरला. पुन्हा जवळ आणल्या.

त्याच दिवसांत तोंड धुताना नाकावर माझ्या बोटाला उंचवटा लागला. आधी पुळी वाटली. मग आरशात सावली पडायला लागली.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून दिव्यावर धरला.

"इथं हाडच नाही. मी कापलेलं परत उगवत नाही."

"मग हाताला काय लागतंय?"

त्यांनी माझ्या नाकावरून बोट फिरवलं, मधेच थांबवलं. उठून हात धुतले, बराच वेळ धुतले.

"पुन्हा शस्त्रक्रिया करू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लग्नाआधीच."

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं जेवत होतो. बाबा भातावर घोर्मे सब्जी वाढून घ्यायला वाकले आणि चष्मा थेट ताटात पडला.

"गेला पोहायला!" ते हसले.

मी चष्मा पुसून त्यांना घालायला गेले. माझा हात तिथंच राहिला. वशिंड नव्हतं. नाक सरळ होतं, टोकाशी किंचित उचललेलं. नाकपुड्यांच्या मधे टाक्याची बारीक पांढरी रेघ होती.

हे नाक मी ओळखत होते. दोन वर्षं आरशात रोज पाहिलं होतं.

"बाबा, तुम्ही कुठं काही करून आलात?"

"मी? या वयात मला कोण मुलगी देतंय?" मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "आता तूबा खानम आली तर मी बसलो तर चालेल ना गं, पोरी?"

मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले. लाजेनं कान तापले होते. नळ सोडून उभी राहिले, पण चालेल म्हणाले नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीखही रद्द केली नाही. उंचवटा आता लांबून दिसत होता. सोहराब दोनदा भेटायला आला, दोन्ही वेळा मी तोंडाला मास्क लावून सर्दीचं कारण सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी बाबा दाराशी उभे होते. मी सुखरूप परतावं म्हणून एका हातात, मला खालून जाता येईल असं, कुराण उंच धरलेलं, दुसऱ्या हातात माझ्यामागं ओतायला पाण्याचं भांडं. ओठ उघडे होते.

"डॉक्टरांना सांग," ते थांबत थांबत म्हणाले, "या खेपेला जरा बेतानं कापा."

"का?"

"मागच्या खेपेपासून मला श्वास पुरत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून कुराणाखालून गेले.

मागं पाणी पडलं.

जिना उतरत होते तरी वरून त्यांचा तोंडानं घेतलेला श्वास ऐकू येत होता. खाली टॅक्सी उभी होती. मी आत बसले आणि दार ओढून घेतलं.

श्वास तसाच ऐकू येत राहिला.