सवयकोशाचे चारशे दिवस

निकालानंतर दुरुस्त झालेली गाडी ग्राहक आयोगाच्या तपासणी कक्षात उभी होती, आणि कुमुदताई आठल्ये खटला जिंकल्या होत्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्या चांगल्या चौदा महिने चढल्या. एक टीचभर दृष्टिसंवेदक बदलायचा, तर विक्रेत्याने "आज देतो, उद्या देतो" करत गाडी अडकवून ठेवली होती!

"आता सवयकोश उघडा," त्या आयोगाच्या तज्ज्ञांना, डॉ. इंगवल्यांना म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं चालवणं आहे ना आत?"

खरं तर भांडण गाडीसाठी नव्हतंच. ही आपचालक गाडी मालकाचं चालवणं पाहून शिकायची, सवयकोशात साठवायची आणि पुढे तशीच चालायची. ताईंचे यजमान श्रीधरराव वारल्यावरही ती घाटातल्या खंडोबासमोर वेग कमी करून दोनदा हॉर्न द्यायची. तो त्यांचा नमस्कार. तेवढ्यासाठी कुमुदताई रोज उगाचच घाट चढून उतरायच्या.

इंगवल्यांनी पडद्यावरून नजर काढली. "ताई, कोशात चारशे दिवस मावतात. चारशे एकावा आला की सगळ्यात जुना पुसला जातो."

"अहो, पण गाडी तर उभीच होती!"

"बॅटरी जोडलेली होती ना. मग उभं राहणं हाही तिच्या लेखी दिवसच. आता आत चारशे दिवस नुसती कार्यशाळेची भिंत आहे."

ताईंचे वकील सौदागर उसळले. "मग यांनी बॅटरी काढायला नको? अजून एक दावा ठोकू!"

विक्रेत्याच्या कार्यशाळेचे व्यवस्थापक बागवान हरलेले होते, तरी त्यांचा आवाज चढला नाही. "वकीलसाहेब, रखडलेल्या प्रत्येक गाडीची बॅटरी आम्ही काढतोच. पण तुम्ही जैसे थे आदेश आणलात. एका वायरलाही हात लावायचा नाही. ताई, मी परवानगीचं पत्र पाठवलं होतं. दोनदा."

पाठवलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून ताकही फुंकून प्यायच्या त्या. "बॅटरीच्या निमित्ताने आतलं काही पळवतील मेले," असं म्हणत दोन्ही वेळा नकारावर त्यांनीच सही केली होती. कुमुदताईंना रडू येईना. काहीच वाटेना, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"चावी द्या," त्या म्हणाल्या.

गाडी घाटाला लागली. अगदी सुरेख चालत होती, दुरुस्ती चोख झाली होती. खंडोबाचं देऊळ आलं. गाडीने वेग कमी केला नाही की हॉर्न दिला नाही. ताईंनीच ब्रेक दाबला, हात लांबवला आणि दोनदा हॉर्न वाजवला.

"नवीन सवय आढळली," गाडी म्हणाली. "नोंदवली. चालक, कुमुद आठल्ये."

नाव दुरुस्त करायला ताईंनी तोंड उघडलं, आणि मग तसंच मिटलं.