न झालेली मुलाखत

"तुमची पोरगी चोर निघाली."

फोनवर ना नमस्कार, ना ओळख. रोजगार कार्यालयातल्या समुपदेशक बाईंनी रिसीव्हर खांद्यात दाबून धरला, कारण दोन्ही हात कपाटाशी झटापट करत होते. मुलाखतीला जायला धड कपडे नसलेल्या मुलामुलींना कार्यालय या कपाटातून कपडे उसने देई. ते इतकं कोंबलेलं होतं की मरून रंगाच्या कोटाची बाही कायम दारातून बाहेर लोंबायची. बाईंनी ती आत ढकलली, किल्ली फिरवली. बाही पुन्हा बाहेर. त्यांनी नाद सोडला आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"कोण बोलतंय?"

"चष्म्याच्या काचांचा कारखाना. मालकीण बोलतेय. आज सकाळी मुलाखतीला पाठवलीत ना, तीच पोरगी. आमच्या काकांनी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मला बोलवायला आत आले. परत जाऊन बघतात तर पोरगी गायब, आणि टेबलावरचं काचांचा नंबर तपासायचं यंत्रही गायब. संध्याकाळपर्यंत ते जागेवर आलं नाही, तर मी पोलिसांत जाते."

"पण तुम्ही स्वतः..."

फोन आपटला गेला.

या बाईंना कार्यालयात येणारी मुलं चौकशीताई म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. साधा चहा मागवतानाही त्या चार प्रश्न विचारत. आज मात्र प्रश्न विचारायचे कुणाला? मुलीचा मोबाइल बंद होता. चार ठिकाणचे नकार पचवून ती पाचव्या मुलाखतीला गेली होती. तिच्या नावावर चोरीची तक्रार नोंदली गेली, की सहावी मुलाखत कुणी देणार नव्हतं.

आतून साहेब आले. चौकशीताईंनी प्रकार सांगितला. "मी म्हणत होतो, या मुलांची हमी घेत जाऊ नका."

"आधी मुलगी सापडू दे साहेब, मग ओरडा."

चप्पल अडकवून त्या निघाल्या, आणि संगणकाच्या खोलीपाशी थबकल्या. मागच्या रांगेत, मोठ्या बहिणीचा पिवळा शर्ट अंगात घालून, पडद्यात डोकं घातल्यासारखी मुलगी बसली होती. चोर म्हणून जिचा शोध घ्यायचा, ती कार्यालयातच नोकरी शोधत होती.

"तू इथे काय करतेयस?"

"नवीन जागा बघतेय."

"आणि मुलाखत?"

"झालीच नाही. बसमधून उतरले आणि फोन आला. जागा भरली, येऊ नका म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"माहीत नाही. पुरुषाचा आवाज होता. नंबर कारखान्याचाच."

"नाव विचारलं नाहीस?"

"फोनवर उलट प्रश्न करायचे नाहीत, असं तुम्हीच शिकवलंत ताई."

हे झोंबलं. खरंच शिकवलं होतं.

"मग मोबाइल का बंद ठेवलास?"

"आई सारखी फोन करत होती. तिला काय सांगणार होते?"

चौकशीताईंनी यंत्राचं सांगितलं. मुलगी ताडकन उभी राहिली. ती इतकी उंच होती की पुढच्या रांगेतल्यांनीही मान वळवून पाहिलं.

"खरं सांगतेयस ना?" चौकशीताईंच्या तोंडून निघून गेलं.

मुलीने आपली पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली. चौकशीताईंना स्वतःचीच लाज वाटली.

"चल," त्या म्हणाल्या.

कारखान्यासमोरच्या बसथांब्यावर मुलीला थांबवून त्या एकट्याच आत गेल्या. पहिली खोली लहानशी होती. एक बाक, एक टेबल, टेबलावर यंत्राची रिकामी पेटी. पलीकडे काच घासणाऱ्या चाकांची घरघर चालली होती, ऐकूनच दात शिवशिवावेत अशी.

खोलीत तिघं होती. मालकीणबाई, त्यांचा धाकटा भाऊ आणि काका. काका म्हणजे इथले जुने कारागीर. मालकीणबाईंच्या वडिलांच्या काळापासूनचे. त्यांनी बसायला खुर्ची सरकवली, पाणी आणून दिलं. भावाने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"कोटवाल्या पोरी पाठवता आणि वर चौकशीला येता?" तो गुरगुरला.

"कोटवाल्या?"

"मागच्या दोघी एकाच मरून कोटात आल्या होत्या. गणवेश आहे का तुमचा?"

"आजची मुलगी पाहिलीत तुम्ही?"

"मी आलोच उशिरा. पण मी आमच्या ताईला आधीच सांगितलं होतं, ओळखीचा मुलगा घे. ऐकतंय कोण?"

चौकशीताईंनी मनात त्याच्या नावापुढे एक खूण केली. स्वतःचा माणूस घुसवायचा असेल, तर समोरची मुलगी बदनाम झालेली बरीच.

"सकाळी तिला इथून फोन गेला होता. कोणी केला?"

भाऊ गडबडला. "मी कशाला करू?"

"मी केला," काका शांतपणे म्हणाले. "वेळ होऊन गेली म्हणून. ती म्हणाली, दारातच आहे. आणि आली."

"जागा भरली असं काही म्हणालात?"

"छे! असं कसं म्हणेन?"

"मग तुम्ही तिला बसवलंत. कशी होती हो मुलगी? उंच?"

"मी खोकं उघडत होतो, बाई. वाकलेलाच होतो. नंतर पाहिली ती बाकावर बसलेली. उंची कशी कळणार?"

"चेहरा?"

"मान खाली होती. घाबरलेली असणार. कोटाची बाही सारखी ओढत होती."

"कोटाची?"

"तोच तो, मरून. आता कुठे काय लपवलंय, ते आपल्याला काय दिसणार!" काकांनी सुस्कारा सोडला. "लहान आहे हो. पोलीस वगैरे नको, असं मी बाईंना म्हटलं होतं."

मालकीणबाई फणकारल्या. "काका फार मऊ आहेत."

"हे यंत्र बाहेर विकलं जातं?" चौकशीताईंनी विचारलं.

"कोण घेणार? आमच्या धंद्याबाहेर त्याचा कुणाला उपयोग नाही, आणि धंद्यातले सगळे मला ओळखतात. पण पोरीला काय ठाऊक? चकचकीत दिसलं, उचललं."

"आणि कुणाच्या हातून फुटलं असतं तर?"

"त्याच दिवशी घरी! मागच्या वर्षी एकाला पाठवलंच. माणूस कितीही जुना असो, माझ्याकडे फूटतूट चालत नाही."

काका उठले आणि नीट बंद असलेली खिडकी पुन्हा लावून आले.

चौकशीताईंना आता खुर्चीत बसवेना. त्यांनी मोबाइल काढला, साहेबांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"साहेब, माझ्या टेबलामागच्या कपाटातून काय बाहेर आलंय?"

"हे विचारायला फोन केलात? त्या मरून कोटाची बाही! सकाळपासून लोंबतेय. दहा वेळा सांगितलं, ते कपाट आवरा म्हणून."

"सकाळपासून?"

"तुमच्याआधी मी आलो तेव्हापासून! आणि किल्ली तुमच्याकडेच असते."

चौकशीताईंनी फोन बंद केला. पर्समधून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"आमच्याकडे मुलींच्या मापाचा कोट एकच आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या दोघींना तो बसला, म्हणून त्या तो घालून आल्या. आजची मुलगी ताडासारखी वाढलीय. तिला तो कोपरापर्यंतच पुरतो. ती बहिणीचा पिवळा शर्ट घालून निघाली होती. काका, तुम्ही तिला पाहिलंतच नाही."

"मला रंगाचा घोटाळा झाला असेल..."

"बाहीचा पण? भाऊंवर माझा संशय होता. पण मुलगी आली, बसली, तिने कोट घातला होता, हे ते म्हणाले नाहीत. तुम्ही म्हणालात. उंची विचारली, तुम्ही वाकलेले. चेहरा विचारला, तिची मान खाली. मरून कोट मात्र तुम्हाला छातीठोकपणे ठाऊक, कारण कार्यालयाच्या मुली त्याच कोटात येतात असा तुमचा समज झाला होता. चोराला ज्याचा काही उपयोग नाही, असं यंत्र कशाला चोरायचं? ते चोरीला गेलंच नाही. सकाळी तुमच्या हातून पडलं. मग तुम्हाला मुलाखतीची आठवण झाली. तिचा फोन नंबर मी कळवलेलाच होता. ती आत आली असती, तर मालकीणबाईंच्या समोर बसली असती आणि तिच्यावर आळ घेता आला नसता. म्हणून तुम्ही तिला रस्त्यातूनच परत पाठवलंत, आणि न आलेल्या मुलीला चोर केलंत."

काका बाकावर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

"काचेच्या चुऱ्याच्या पिंपात आहे," ते पुटपुटले. "या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?"

"आणि तिला?" चौकशीताईंचा आवाज चढला. "तिला तर अजून कुणी पहिल्यांदाही ठेवलेलं नाही!"

भाऊ पिंपाकडे धावला. तुटलेलं यंत्र त्याने टेबलावर आणून ठेवलं. मालकीणबाई त्याकडे बघत राहिल्या. मग स्वतः रस्ता ओलांडून गेल्या आणि मुलीला घेऊन आल्या.

"उद्यापासून कामाला ये," त्या म्हणाल्या.

"मुलाखत?"

"आता कसली मुलाखत! चूक आमची झाली."

"म्हणूनच तसं नको. मुलाखत घ्या. नाही जमलं तर जाईन."

मालकीणबाईंनी खुर्ची ओढली. मुलगी समोर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, शिकवल्याप्रमाणे.

"आमच्याकडेच काम का करायचंय तुला?"

कार्यालयात तिच्याकडून या प्रश्नाचं उत्तर आठवडाभर घोटून घेतलं होतं. दाराशी उभ्या चौकशीताईंचे ओठ आपोआप हलायला लागले.

"याचं उत्तर सकाळी पाठ होतं," ती म्हणाली. "आता मलाच आधी एक विचारायचंय. उद्या माझ्या हातून काही फुटलं, तर मी येऊन तुम्हाला सांगू शकेन का?"

मालकीणबाईंची नजर तुटलेल्या यंत्रावर गेली, तिथून बाकावरच्या काकांकडे.

"सांग," त्या म्हणाल्या. "मी ऐकून घेईन." मग बाकाकडे वळून, "काका, आधी तुम्ही सांगा. पहिल्यापासून. माझ्याकडे नको, तिच्याकडे बघून सांगा."