सत्यशीलाबाईंचा चकवा

"शेवटचं प्रकरण चोरीला गेलंय, आणि आमचे हे म्हणतात, दीपालीला काढून टाक," सत्यशीला बेहेरे म्हणाल्या. "माझं टायपिंग करता करता मोठी झाली ती पोर. तिने नेलं नसेल, तर तसं सिद्ध करून द्या."

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये गुप्तहेर पद्मजा दाबके आणि तिचा मदतनीस वैजनाथ बसले होते. बाईंच्या प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्यांनी अर्ध्या पुण्याची वामकुक्षी बुडवली होती. वैजनाथच्या आईचीसुद्धा.

"मी दोन शेवट लिहिते. आधी चकवा, म्हणजे वाचकाला वाटेल तो. तो डोक्यातून निघाला की मग खरा सुचतो. चकवा टेबलावर होता, तो गेला. खरा खणात आहे."

"मग गेलं काय तुमचं?" वैजनाथ हसला. पद्मजाने असं पाहिलं, की त्याने हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"खणाला कुलूप?" तिने विचारलं.

"छे! दोन्ही शेवट हातानेच लिहिलेले. अजून कुणी वाचलेले नाहीत."

प्रकाशक पुष्कर फोनवर उखडलाच. "चकवा? तो तर दर कादंबरीला असतो. त्यात काय भजी बांधू? खरा चोरला असता तर गोष्ट वेगळी!"

दीपालीचे डोळे रडून सुजले होते. "दोन्ही शेवट मीच टाइप करते, ताई. चोरायचाच असता, तर खरा नसता का नेला?"

बाईंचे यजमान यज्ञेश्वरराव बाल्कनीत पेपर वाचत होते. "लग्न झाल्यापासून हिचं एक अक्षर वाचलेलं नाही मी," ते अभिमानाने म्हणाले. "हिची नायिका साठीत नवऱ्याला सोडून जाईना का, मला काय त्याचं? गोष्टीचा शेवटच गेला म्हटल्यावर त्या मुलीशिवाय कोण असणार?"

पद्मजाने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं.

"चकवा कोण चोरेल? तो चकवा आहे हेच ज्याला माहीत नाही, तो. पुष्करला माहीत आहे, दीपालीला माहीत आहे. खण उघडा असून चोराने त्याला हात लावला नाही. त्याच्या लेखी शेवट एकच होता. आणि यज्ञेश्वरराव, नायिका नवऱ्याला सोडून जाते, हे न वाचता कसं कळलं तुम्हाला? बाई, चकव्यात तेच आहे ना?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

यज्ञेश्वररावांचा चेहरा उतरला. "चष्मा शोधत गेलो होतो. पानं समोरच होती. वाटलं, ही आम्हा दोघांचंच लिहितेय, मला सोडून जाणार. घाबरलो, फाडून टाकली."

"आणि नाव पोरीचं घेतलंत!" बाई कडाडल्या.

"चुकलं माझं. दीपाली, माफ कर गं." मग त्यांनी विचारलं, "खऱ्यात काय होतं?"

"राहते ती. नवरा एकदाच विचारतो, 'तुझं काय चाललंय गं?' तेवढ्यावर राहते बिचारी." बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "इतके खून पचवले माझ्या वाचकांनी, पण हे काही त्यांना पटायचं नाही."

वैजनाथला दोघांचंही फार वाईट वाटलं.

"दीपाली, कॉम्प्युटर लाव. चकवाच छापायचा," बाई म्हणाल्या.

"पण काकू, पानं तर फाडली ना?"

"फाडली तर फाडली. तोंडपाठ आहे मला."