सातव्या भुयाराची पाळी

पडद्यावर सातव्या भुयारासमोर पुन्हा खाणकामगार शालिक मेश्रामचंच नाव उमटलं आणि डॉ. निलाक्षी ढवसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नियंत्रणकक्षातून उठून ती थेट खाणीचे संचालक चौबळ यांच्या केबिनमध्ये शिरली.

"पाळीयोजक मी माणसं वाचवायला बनवला होता, सर. तुम्ही त्याचं काय करून ठेवलंत?"

चौबळांनी सिगारेट पेटवली. "वाचवतोच आहे की. खाणीतली एकूण फुप्फुसहानी निम्म्यावर आली. आकडे तुझेच."

आकडे तिचेच होते, तेच तर दुखणं होतं. प्रत्येक हेल्मेटवर श्वासमापक होता. तो हवेतली धूळ आणि डिझेलची काजळी मोजायचा, शिवाय चार श्वासांत माणसाची फुप्फुसं किती शाबूत आहेत तेही ताडायचा. त्यावरून पाळीयोजक या यंत्राने कोणी कुठे उतरायचं ते ठरवून हानी कमीत कमी ठेवायची. धूळ उडेल तिथे पाण्याचे फवारे सोडायचे, कोळसा भरणारे डिझेलचे लोडर थांबवून विजेवरचे चालवायचे. पण ओल्या कोळशाला गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि वीज महाग पडते, म्हणून चौबळांनी या दोन्ही उपायांना स्वतःच्या अंगठ्याचं कुलूप घातलं. यंत्राच्या हाती उरली फक्त माणसं.

"धडधाकट फुप्फुसाचं नुकसान जास्त होतं, कारण गमवायला त्याच्याकडे जास्त असतं," निलाक्षी म्हणाली. "शालिकभाऊंच्या फुप्फुसांचा दगड झालाय. आणखी धूळ गेली तरी बेरीज हलत नाही. म्हणून यंत्र रोज त्यांनाच सगळ्यात घाण जागी पाठवतं. मरेल तो माणूस!"

"गणित भेदभाव करत नाही, निलाक्षी."

शालिकचे जोडीदार हातावर हात धरून बसले नव्हते. दमेकऱ्याच्या बदली धडधाकट गड्याने उतरायचं, ही खाणीतली जुनी रीत. ते हेल्मेटं बदलून जाऊ लागले. चौबळांना कळलं आणि त्यांनी दारांना श्वासकुलपं बसवली. ज्याची पाळी, त्याच्याच श्वासाला भुयाराचं दार हलणार. आणि पाळी संपेपर्यंत त्याला दुसरं दार बंद. असा निर्लज्जपणा!

त्याच आठवड्यात खाणीला सुरक्षेचा पुरस्कार मिळाला. फोटोसाठी चौबळ पहिल्यांदाच खाली उतरायला निघाले. निलाक्षीने त्यांच्या हातात हेल्मेट दिलं. ते घालणाऱ्याचा हुद्दा यंत्र बघत नव्हतं; चार श्वास मोजून पाळी लावायचं. पुढे काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

निलाक्षीसोबत ते खाली पोचले, तिथे शालिक पाळीसाठी उभा होता. चार श्वास झाले असतील. हेल्मेट बोललं, "शालिक मेश्राम, तिसरं भुयार. हेमचंद्र चौबळ, सातवं भुयार."

मागचं दार बंद झालं, सातवं उघडलं. आतून धुळीचा आणि धुराचा लोट अंगावर आला. चौबळ खोकून खोकून वाकले.

"बंद कर हे!"

"माझ्या हातात नाही, सर. सिगारेटींनी तुमची फुप्फुसं शालिकभाऊंपेक्षाही गेलीत. गणित भेदभाव करत नाही."

शालिकला मात्र राहवलं नाही. "साहेब, तुम्ही बसा जी इथंच. तुमच्या बदली मी जातो, अन् आतून दार लावून घेतो." त्याने दार ओढलं, त्यावर श्वास सोडला. दार तसूभर हललं नाही. दाराला चौबळांचाच श्वास हवा होता.

निलाक्षीने हातातला पडदा पुढे धरला. "अंगठा, सर."

चौबळांनी धडपडत अंगठा टेकवला. आत डिझेलची घरघर थांबली आणि छतातून फवारे सुटले. बघता बघता धूळ खाली बसली. धूळच नाही म्हटल्यावर यंत्राने सगळी दारं मोकळी केली.

शालिकने हात पाण्याखाली धरला. कधी आवाज न चढवणारा तो माणूस चौबळांकडे वळला.

"एवढंच होतं काय?" तो ओरडला. "एक अंगठा? माहा भाऊ मेला ना या भुयारात!"

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भुयारातून माणसं बाहेर आली. चौबळ लिफ्टकडे वळले. दार सताड उघडं होतं, पण वाटेतून कोणी हललं नाही.