उजव्या कोपऱ्यातला ठिपका

एमेट रोड्सची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायला गेले होते तेव्हा. हसू नका, खरंच सांगतेय.

१९३४ चा डिसेंबर होता. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या टॅनर्स क्रीकमध्ये रविवारी सिनेमा दाखवणं हा गुन्हा होता. कायदा पणजोबांच्याही आधीचा. त्या काळी सिनेमा कुठला असायला? पण रविवारी धंदा करायचा नाही एवढं त्यात लिहिलं होतं आणि चर्चवाल्यांना तेवढं पुरे होतं. इकडे लोकरीच्या गिरणीत सहा दिवस राबणाऱ्या माणसांना सुट्टी मिळायची ती रविवारचीच. म्हणून ‘ओरिओल’ थिएटरच्या एमेटने रविवारी दुपारचा खेळ सुरू केला. झालं! गावात गहजब.

आमचे ओर्व्हिल काका शेरीफ. गुन्हा शाबीत करायचा तर कुणीतरी आत बसून डोळ्यांनी बघायला हवं. पण काका पडले चर्चमधलं बडं प्रस्थ. ते कसे जाणार?

“वर्ना, तू जा,” काका म्हणाले.

“आणि माझ्या पापाचं काय हो, काका?”

“तू कोर्टात शॉर्टहँड घेतेस. तुझं पाप सरकारी खात्यात जमा.”

गेले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. ओळखीचं कुणी दिसायला नको म्हणून बाल्कनीतली अगदी शेवटची रांग गाठली, कोपऱ्यातली खुर्ची धरली, ऐटीत वही उघडली... आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

“ही घ्या,” कानाशी कुणीतरी म्हणालं. “गुन्हा नीट लिहिला गेला पाहिजे.”

मी दचकून वळले. माझ्या मागे यंत्राची खोली होती. तिच्या भिंतीला दोन चौकोनी झरोके. एकातून प्रकाशाचा झोत पडद्याकडे निघालेला, आणि दुसऱ्यातून एक हात बाहेर आलेला. हातात पेन्सिल.

“तुम्ही ओळखता मला?”

“सिनेमाला वही घेऊन दुसरं कोण येणार?”

बोलत होता माझ्याशी, पण नजर सरळ पडद्यावर. मला रागच आला.

“बोलताना माणसाकडे बघायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?”

“नाही. तुम्हीही तिकडेच बघा... वर, उजव्या कोपऱ्यात... आत्ता! दिसला?”

एक काळा ठिपका डोळ्यांसमोरून गेला. खोलीत त्याचे हात भराभर हलले, दुसरं यंत्र घरघरू लागलं आणि पडद्यावरची बाई काहीच न घडल्यासारखी रडत राहिली.

“रीळ संपत आलं की तो ठिपका येतो,” एमेट म्हणाला. “तो चुकला की पडदा पांढराफटक, आणि लोक पाय आपटायला लागतात. सहा वर्षांत माझा एकदाही चुकलेला नाही.”

“केवढा तो गर्व!”

“गर्व कसला हो... दुसरं काही येतच नाही मला.”

त्या सोमवारी त्याला दंड झाला. पुढच्या सोमवारी पुन्हा झाला. दोन्ही वेळा पुरावा माझाच — पानंच्या पानं, सुवाच्य. आता तिसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाला की परवाना रद्द आणि ‘ओरिओल’ला कुलूप. तरी तिसऱ्या रविवारीही त्याने खेळ लावला. गिरणीतली माणसं बर्फ तुडवत येतात, त्यांना परत कसं पाठवू, म्हणाला.

आणि मी? मी तर जेवणसुद्धा अर्धवट टाकून पळाले होते. तोवर आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो होतो. झरोक्यातून भाजलेल्या शेंगा यायच्या, एकदा तर त्याचा लोकरी गळपट्टाही आला. झोतात धूळ तरंगायची. पडद्यावर पाऊस लागला की त्याच्या कपाळावर पाऊस पडायचा, तिकडे उजाडलं की इकडे त्याच्या गालांवर उजाडायचं. तो पडद्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. मला वाटायचं, हे रीळ संपूच नये.

“शुक्रवारी मला शपथेवर साक्ष द्यायचीय,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

“एमेट... मी खोटं बोलणार नाही.”

“बोलूही नकोस. तुला खोटं बोलायला लावून वाचवलेलं थिएटर मला रोज खायला उठेल.”

“मग जाशील कुठे?”

“फिलाडेल्फियाला. मामा आहे तिथे.”

त्याचे हात हलले, दुसरं यंत्र सुरू झालं. म्हणजे ठिपका येऊन गेला असणार. मला दिसला नाही.

शुक्रवारी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. मी साक्षीदार, म्हणून माझ्या जागी शॉर्टहँड घ्यायला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या क्रम मावशी बसल्या होत्या. समोर एमेट, मान खाली घातलेला. न्यायाधीश टिडवेल म्हणाले, “काय पाहिलंस ते सांग, वर्ना.”

मी वहीच्या कडा सारख्या करत बसले.

एमेटचे म्हातारे वकील पिंकनी उठले. “मी सोपं करून विचारतो. रविवारी येशूच्या पवित्र भूमीची चित्रं दाखवायला कायद्याची मनाई नाही. त्या दिवशी पडद्यावर उंट होते की नाचणाऱ्या पोरी, एवढंच सांग.”

लोक खिदळले. मी वही उघडली. तिसऱ्या रविवारचं पान कोरं! एक अक्षर नाही. खूप आठवून पाहिलं, पण उंट आठवेना की पोरी.

“ठाऊक नाही, साहेब.”

“झोपली होतीस?” न्यायाधीशांनी भुवया चढवल्या.

“नाही. डोळे टक्क उघडे होते.”

“मग बघत कुठे होतीस?”

काका माझ्याकडे रोखून बघत होते. ‘डोकं दुखत होतं’ म्हटलं असतं तर अब्रू वाचली असती. पण मी बायबलवर हात ठेवला होता. आणि खरं सांगू? मला लपवायचंही नव्हतं.

“झरोक्याकडे, साहेब. सगळा वेळ... एमेट रोड्सकडे.”

क्रम मावशींची पेन्सिल थांबली. “हे... हेही लिहायचं का?”

“शब्दन् शब्द,” न्यायाधीश म्हणाले. त्यांच्या मिशा हलत होत्या. “साक्षीदाराने पडदा पाहिलेलाच नाही. खटला फेटाळला. आणि शेरीफ, पुढच्या वेळी जरा साठीच्या पुढची साक्षीदार पाठवा.”

“मी जाईन!” क्रम मावशी पटकन म्हणाल्या.

सगळं कोर्ट हसलं. फक्त एमेट हसला नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, टोपी उचलली आणि चालता झाला. एक शब्द नाही! गावभर माझी शोभा झाली, काका लालबुंद होऊन बोलेनासे झाले, आणि ज्याच्यासाठी झालं तो मुखदुर्बळ घरी गेला. शनिवारी मी माझाच कबुलीजबाब कार्बन घालून टाइप केला, तीन प्रतींत. एक प्रत आरोपीला द्यायचा नियम आहे. दिली पाठवून.

रविवारी तिकीट काढून गेले. त्याच रांगेत, त्याच खुर्चीवर. शेजारी क्रम मावशी वही मांडीवर घेऊन पहिल्या पाच मिनिटांतच घोरू लागल्या होत्या.

झरोक्यात एमेट होता.

“प्रत मिळाली?” शेवटी मीच विचारलं.

“मिळाली.”

“वाचलीस?”

“पाठ झाली.”

“मग...?”

तो आत यंत्राकडे वळला. मी रुसून समोर बघत बसले. जन्मात पुन्हा याच्याकडे बघणार नव्हते! तेवढ्यात वर, उजव्या कोपऱ्यात, काळा ठिपका आला... आणि गेला. मागे काही हललं नाही. पडदा पांढराफटक झाला.

“एमेट, ठिपका!” मी ओरडले. अख्खं थिएटर वळून बाल्कनीकडे बघू लागलं.

त्या पांढऱ्या उजेडात तो झरोक्याशी उभा होता. पडद्याकडे पाठ नव्हती त्याची, पण नजर तिकडे नव्हती. पहिल्यांदाच इतका वेळ, नीट, डोळे भरून तो माझ्याकडे बघत होता.

“पाहिला नाही,” एमेट म्हणाला. “शपथेवर सांगतो, वर्ना... मी तिकडे बघतच नव्हतो.”

खाली लोक पाय आपटत होते. आपटू देत.